जांभळ्या फुलांचा गुडघा

"पुन्हा फाटकी पँट घालून घरात आलात, तर सायकल करणच्या घरी जाईल," पुष्पावतीबाईंनी भाकरी थापता थापता निकाल दिला. करण हा त्यांच्या यजमानांचा, आप्पासाहेब गुरुजींचा भाचा. गुरुजी मागे एकदा सायकलवरून पडले तेव्हापासून तो दर आठवड्याला सायकलची हवा बघायला येत असे.

गुरुजी श्रीगोंद्याच्या शाळेतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नव्हे. "अगं, तेव्हाची पँट सुती होती. ही सायकलवाल्यांची खास आहे. बघ, कशी ताणते!" त्यांनी काळी, अंगासरशी पँट वीतभर ताणून दाखवली.

"रस्ता कुठं ताणतो? रस्ता खरवडतो," बाई म्हणाल्या.

तासाभरात रस्त्याने बाईंची बाजू घेतली. ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांडक्यावरून चाक घसरलं आणि गुरुजी खडीवरून हातभर सरकत गेले. गुडघा नुसता खरचटला, पण पँटीला पेरूएवढं भोक पडलं. त्यांनी कडा जुळवायला ओढल्या, तर भोक नारळाएवढं झालं. पँट खरोखरच ताणत होती!

शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. पाथर्डीकडची रंगुबाई आपल्या पाचटाच्या झोपडीपुढे, कोपीपुढे गोधडी शिवत होती आणि तिचा नवरा कारभारी कोयत्याला धार लावत होता.

"लई लागलं का गुरुजी?"

"मला नाही, पँटीला! रंगुबाई, एवढं शिवून द्या, नाहीतर सायकल गेली माझी."

"मग आदी ह्यांचं धोतर गुंडाळा."

गुरुजी उसाआड जाऊन धोतरात परत आले. कारभारीला हसू आवरेना. रंगुबाईने पँट चिमटीत धरली. "ह्यो कपडा हाय का फुगा? सुई टोचली की पळतोय." तिने गोधडीच्या चिंध्यांतून जांभळ्या फुलांचा तुकडा उचलून दुहेरी केला.

"काळा नाही का?"

"न्हाई. पर ह्यो वरसानुवरसं धुनं खाऊन टिकलाय. खडीला काय भ्यायचाय?"

गुरुजी घरी आले ते उसाची मोळी गुडघ्यापुढे धरून.

"खाली ठेवा की," बाई म्हणाल्या.

"नको, ताजा आहे."

"ताजा ऊस काय कडेवर घेत्यात व्हय?"

तेवढ्यात हवा बघायला करण आला. "द्या मामा इकडं!" म्हणत त्याने मोळी ओढून घेतली, आणि गुरुजींचा गुडघा फुलला.

बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. "ही तर माझी साडी! दिवाळीत रंगुबाईला दिलेली."

गुरुजींनी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखी मान खाली घातली. "पडलो. पण फाटकी नाही आणली. शिवून आणली."

बाईंनी ठिगळ दोन्ही अंगठ्यांनी ओढलं. पँट कुरकुरली, ठिगळ जागचं हललं नाही. बाईंचा चेहरा हळूहळू उजळला. "करण, बघ. बावीस वर्षं नेसलीय मी ही."

"मग सायकल कधी नेऊ, मामी?"

"तू ऊस खा," बाई म्हणाल्या आणि कात्री शोधू लागल्या. "अहो, ती पँट काढून द्या."

"आता का?"

"साडीचा पदर मी उशीसाठी ठिवून घेतलाय. दुसरा गुडघा काय कंपनीच्या भरवशावर सोडायचा?"