जेवणाच्या सुट्टीतला अपघात

बावीस वर्षांच्या नोकरीत मी जेवणाच्या सुट्टीत एकदाच काम केलं, आणि पाय मोडून घेतला.

माझं टेबल जखमी कर्मचाऱ्यांचं. कामावर असताना कुणाला दुखापत झाली, तर तो बरा होईपर्यंत त्याचा पगार चालू ठेवायचा, असा सरकारी नियम. पगार चालू ठेवण्याआधी प्रस्तावात त्रुटी काढायची, ही माझी पद्धत. (त्रुटी काढण्यात माझा हात धरणारा ऑफिसात कुणी नाही.) आमच्या जीपचा ड्रायव्हर कंबर मोडून सात महिने घरी पडून होता. त्याची बायको दर आठवड्याला यायची, बाकावर बसायची आणि माझं 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून निघून जायची.

त्या दिवशी मी डबा उघडला, तर ती समोरच. माझ्या डब्याकडे बघत राहिली. मी डबा बंद केला. शिपाई जेवायला गेलेला. म्हटलं, चला, आज आपणच फाइल काढू. चढलो स्टुलावर. (स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. दुरुस्तीच्या अर्जात मीच त्रुटी काढली होती.) फाइल हाताला लागली आणि मी फाइलसकट खाली आलो. बाईनं आधी कागद गोळा केले, मग मला उठवलं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

घरी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून मी स्वतःचाच अर्ज भरायला घेतला. अपघाताची वेळ : एक वाजून पस्तीस मिनिटं.

"अहो, सुट्टी दीड ते दोन ना?" बायको म्हणाली. "सुट्टीत पडलात तर कामावर होतात असं कोण धरणार? सव्वादोन लिहा की!"

"खोटं लिहू?"

"मग तीन महिने पगाराशिवाय घर कसं चालवायचं, तेही खाली लिहून ठेवा."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "सुट्टीत तुम्ही काम करत होता? तुम्ही? साक्षीदार आणा."

साक्षीदार एकच होती. तिसऱ्या दिवशी ती आपणहून दारात उभी राहिली. गडबडीत फाइल तिच्याचकडे राहिली होती.

तीन दिवसांत मला छताचा डाग न् डाग पाठ झाला होता. तिचा नवरा सात महिने तेच बघत होता. मला खरोखर लाज वाटली.

"कसे आहेत ते?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"कुशीवर वळतात आता. बोलत मात्र नाहीत कुणाशी."

मी फाइल उघडली. डॉक्टरांच्या सहीखाली तारीख नाही, ही मी काढलेली त्रुटी. तारीख पानाच्या मागच्या बाजूला होती. पडल्या पडल्या मी 'मंजुरीस हरकत नाही' असं लिहिलं आणि सही केली.

मग भीत भीत माझा अर्ज पुढे केला. ती 'पुढच्या आठवड्यात येते' म्हणाली असती, तर बोलायला मला तोंड नव्हतं. पण तिनं पेन घेतलं, सावकाश चार शब्द लिहिले आणि दोन्ही कागद घेऊन थेट ऑफिस गाठलं.

दोन्ही पगार एकाच दिवशी मंजूर झाले. शिपायानं आणलेल्या माझ्या अर्जावर तिनं लिहिलेलं बायकोनं मोठ्यानं वाचलं.

"अपघाताचं कारण : हे साहेब सात महिन्यांत पहिल्यांदाच कामाला उठले. सवय नव्हती, म्हणून पडले."

खाली आमच्या साहेबांचा शेरा होता : 'कारण पटण्यासारखे आहे. साक्षीदाराची गरज नव्हती.'