दाजीची सोयरीक

आमच्या शेजारच्या राजामावशीकडे कुणी गाय घेऊन आलं, की ती आधी गायीला पाणी पाजते, मग मालकाला चहा पाजते, आणि मग विचारते, "हिची आई कोन?"

मालक आई सांगतो. "आन् बाप?" बाप सांगता आला तर आजी. आजीपाशी गडी अडखळला, की मावशी पदर खोचून उठते. "नातं बघा आधी. मंग या."

हा सगळा थाट तिच्या वळूसाठी. लाल कंधारी जातीचा, भाजलेल्या विटेच्या रंगाचा, लांब कानांचा. त्याचं नाव दाजी. गावातल्या सगळ्या गायी आपल्या बहिणी, मग हा दाजीच की, असा तिचा सरळ हिशोब. दाजी औत ओढत नाही, दूध तर देतच नाही. तरी मुक्कामाला आलेल्या जावयासारखी त्याची बडदास्त. मी या गावात शाळेवर आले तेव्हा मला वाटलं, हिच्या घरात कुणी दात पडलेलं म्हातारं माणूस असावं, इतक्या वेळा ती पेंड नीट भिजली का ते बघायची.

माणसांनाही ती याच नजरेनं बघते. आमचे हे मला पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हा मावशीनं त्यांना अंगणातून फाटकापर्यंत चालायला लावलं आणि मला म्हणाली, "चाल चांगली हाय मालकाची. कान जरा बारीक हायत. पर गरीब हायत बाई, मारनार न्हाईत." तेव्हापासून हे मागच्या दारानं येतात.

मावशीचं घर पिढीजात गुरं राखणारं. शेत नाही, जे काही आहे ते गावचं चराऊ गायरान. रोज सकाळी गावची गुरं घेऊन ती तिकडं जाते, दाजी सगळ्यांच्या पुढं. गेल्या वर्षी तिथं दोन माणसं मोजणीचं यंत्र घेऊन आली. सोलरच्या प्लेटा बसवायच्या होत्या. कागदावर म्हणे ती जागा पडीक. मावशीनं दाजीला नेऊन थेट यंत्रापाशी उभं केलं. "काय करायलात? पडीक म्हनता? मंग ह्यो काय चित्रातला हाय का?" दाजीनं यंत्र हुंगलं आणि माणसं जीपमध्ये जाऊन बसली.

नंतर ग्रामसभेत मावशी उभी राहिली. "आमच्या आज्या-पणज्यानं ही जात हितल्याच गवतावर संभाळली. गवत गेलं तर गुरं गेली. आन् गुरं सरली तर गायरान मागायला तोंड कुठं ऱ्हाईल?" गावानं टाळ्या वाजवल्या. गायरान कंधारी गुरांसाठीच ठेवायचं, असा ठराव झाला. तहसीलचे साहेब म्हणाले, पोळ्यानंतर येतो, किती गुरं चरतात ते डोळ्यांनी बघतो.

आणि मावशी इथंच अडकली. तोवर गावातल्या कालवडी वयात आल्या होत्या, आणि सगळ्या दाजीच्याच लेकी. बापलेकीची गाठ पडू द्यायची नाही, हा तिचाच कायदा. दाजीला दावं लावायला ती तयार नाही, म्हणून दाजी गायरानात असला की कालवडी घरी बांधलेल्या, आणि गायरान अर्धं ओस. यावर उपाय जुनाच आहे. काही वर्षांनी दोन गावं आपसात वळू बदलतात. मुखेडकडच्या एका गावाचा वळू आमच्याकडे यायचा आणि दाजी तिकडं जायचा, असं ठरलेलं होतं. त्यांचा सांगावा आला. मावशी म्हणाली, दाजीचा पाय दुखतोय. पुन्हा सांगावा आला, तेव्हा अवस आडवी आली. मग पोळा. "पोळ्याला का कुनी घरचं मानूस धाडतं?" म्हणत ती दाजीची शिंगं रंगवत बसली.

पोळाही झाला. एका सकाळी वरच्या आळीतला शिवाजी आपली कालवड घेऊन मावशीच्या अंगणात आला.

"मावशी, साहेब यायचाय. किती दिस बांधून ठिवू हिला? न्हाईतर सरळ दवाखान्यातनं जर्सीच्या बीजाची सुई देऊन आणतो."

कालवड हुबेहूब दाजी. तेच कान, तसंच मान तिरकी करून बघणं. मावशीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "ही दाजीची न्हाईच. हिचा बाप भोकरकडचा. सोड खुशाल गायरानात."

शिवाजी पायानं माती उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, हिची आई अडली व्हती तवा हिला तुमीच वढून काढली. बापावर गेली म्हून गूळ बी तुमीच वाटला."

मावशी ओट्यावर बसली. जिनं भल्याभल्यांना आजीच्या नावासाठी परत पाठवलं, तिनं आज चक्क बाप बदलला होता. एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही. ती कालवडीचा कान बोटांनी चाचपत राहिली आणि म्हणाली, "धाड सांगावा. घिऊन जावा म्हनावं."

मुखेडची माणसं त्यांचा वळू घेऊन आली. मावशीनं त्याची आई, बाप, आजी, सगळं विचारलं आणि मान डोलावली. दाजीला नेणाऱ्या माणसाला तिनं पेंड कशी भिजवायची ते सांगितलं, पाणी कुठलं चालत नाही ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "आन् सांजच्याला जरा बोलत जा त्याच्याशी."

"काय बोलू, मावशी?"

"कायबी. दिसभर काय झालं ते. त्याला सवय हाय." मग दावं त्याच्या हातात देत, "मलाच हाय म्हना की."

दुसऱ्या दिवशी कालवडी सुटल्या. शेपट्या वर करून गायरानाकडे उधळल्या. त्याच आठवड्यात साहेब आले आणि गायरान भरलेलं बघून गेले.

साहेब आले त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मावशी दारात येऊन उभी राहिली. एरवी ती कुणाकडे जात नाही.

"काय झालं, मावशी?"

"कुठं काय."

ती उंबऱ्याशी टेकली आणि सांगायला लागली. कुठल्या कालवडीनं कुणाला ढुशी दिली, नवा वळू पाण्याला कसा बुजला, साहेबाची टोपी वाऱ्यानं कशी उडाली.

"मग? काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

मावशी थांबली. माझ्याकडे जरा नाराजीनंच बघत म्हणाली, "दाजी मधी बोलत नव्हता."

मी तवा खाली उतरवला, तिच्यासमोर येऊन बसले, आणि गप्प राहिले.