गायकवाड मॅडमचा ड्रम

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्त झालो म्हणून. आता गायकवाड मॅडमच राहिल्या नाहीत, तेव्हा टाळायला कारणही उरलं नाही.

भज्यांचा पुडा आला की मॅडम आधी कागद वाचायच्या, मग भजी खायच्या. कागदावर कुणाचं नाव निघालं, तर तेवढा तुकडा फाडून तेलासकट पर्समध्ये. लग्न उरकलं की पत्रिकेवरची नवरानवरीची नावंही फाडायच्या. शिपाई एकदा म्हणाला, "मॅडम, गावभर वाटलेली पत्रिका हाय ती."

"गावाचं गाव बघंल. माझ्या हातून नाय जायचं. नाव दुसऱ्याचं हाय."

औरंगपुऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी मॅनेजर होतो. पेशंटचं रेकॉर्ड मॅडमकडे. मुदत संपलेले केसपेपर त्या फाडायच्या, निळ्या ड्रमात भिजत घालायच्या आणि मुरल्यावर काठीनं घोटायच्या. फाडताना कागद पालथा धरायचा, म्हणजे आपल्यालाही नाव दिसायला नको.

डॉक्टरांनी कागद कापायचं मशीन आणून दिलं. मॅडमनी त्यातून निघालेल्या पट्ट्या दुपारभर बसून चिकटवल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. "वाचा, साहेब." सगळं वाचता आलं. माझंच पगारपत्रक होतं. मशीन माळ्यावर गेलं.

हल्ली यासाठी कायदा झालाय म्हणे. लोकांची माहिती कशी जपायची, कधी नष्ट करायची, सगळं त्यात आहे. मॅडमकडे फक्त ड्रम होता, आणि त्याला फार वास यायचा.

दिवाळीच्या तोंडावर दवाखान्याची रद्दी विकायची आणि आलेल्या पैशांत सगळ्यांनी जिलेबी खायची, असा आमचा रिवाज. मॅडम रद्दीच्या गोणीला पांढरी सुतळी बांधायच्या, ड्रमात भिजवायच्या केसपेपरांच्या गोणीला लाल. एका वर्षी त्या रजेवर होत्या. जिन्यात दोन्ही गोण्या उभ्या होत्या आणि दारात रद्दीवाला. लाल सुतळी मला दिसली. ड्रमाच्या वासानं मी आधीच वैतागलो होतो. म्हणालो, "तीही घेऊन जा."

काही दिवसांनी लासूर स्टेशनात शेंगदाण्याची एक पुडी सुटली. तो तिथल्याच एका मुलीचा केसपेपर होता, फिट्सच्या औषधांचा. फिरत फिरत तो तिच्या होणाऱ्या सासरी पोचला. लग्न मोडलं. तिचे वडील दवाखान्यात आले. तो कागद त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिला आणि बाकावर बसले.

डॉक्टरांनी मला आणि रजेवरून परतलेल्या मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. "त्या गोणीला सुतळी कोणती होती?"

मी म्हणालो, "पांढरी."

मॅडम वाद घालतील असं मला वाटलं होतं. मशीनशी घातला होता तसा. त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. म्हणाल्या, "मग माझ्याच हातून चुकलं असंल." त्याच दिवशी राजीनामा देऊन त्या गंगापूरला गेल्या.

निवृत्त झाल्यावर एकदाचा हिय्या केला आणि जीपनं गंगापूर गाठलं. मॅडम एकट्याच राहत होत्या. अंगणात ड्रम होताच. "शेजारपाजारचे आणून देत्यात," म्हणाल्या, "जुनी पासबुकं, रिपोर्ट. बसा, चहा टाकते."

चहा घेताना त्या आपणहून बोलल्या. "लासूरच्या त्या पोरीकडं जाते मी दर दिवाळीला. आधी दारच उघडायची नाय. दारातूनच म्हनायची, मावशी, आता माझं काय ऱ्हायलंय वाचायचं? आता आत घेती. लेकरू झालंय तिला. म्या तिला सांगितलं, बाई, चूक माझी."

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी..."

"व्हय, साहेब. तुमची बी माफी मागायची ऱ्हायली. माझ्यामुळं तुम्हाला डॉक्टरांपुढं खाली बघावं लागलं. लई वर्षं मनात हाय. माफ करा मला."

त्यांनी हात जोडले होते.

मी म्हणालो, "असू द्या, मॅडम. माणसाकडून होतं."

त्यांना फार बरं वाटलं. डोळे पुसून त्यांनी माझ्यासाठी पुन्हा चहा टाकला. तोही मी प्यालो.