मागच्या रांगेतले आबा

जो ड्रॅगन माझ्या मेहुण्याला सहा महिन्यांत मारता आला नाही, तो मी दोन दिवसांत मारून दाखवणार होतो! मेहुणा म्हणजे पितांबर. धुळ्यात त्याचा कॉम्प्युटर क्लास. एक कॉम्प्युटर त्यानं जळगावात दुरुस्त करून घेतला आणि रविवारी चारला टेम्पो मिळेपर्यंत तो घेऊन शनिवारी तिथल्याच मेहरूणला आमच्या घरी मुक्कामाला आला. सोबतच्या फ्लॉपीत हा ड्रॅगनचा गेम. त्याच शनिवारी पाचोऱ्याहून सासरेही आले, झुलालआबा.

लग्नाला आठ वर्षं झाली, पण आबांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. बँकेतला माणूस म्हणजे पंख्याखाली बसून शिक्के मारणारा, एवढीच त्यांच्या लेखी माझी किंमत. खरं सांगतो, मला ती एक शाबासकी हवी होती. म्हणून ड्रॅगन मरणार आणि आबांच्या डोळ्यांदेखत मरणार, हे मी ठरवूनच टाकलं.

गेममध्ये चौघांची टोळी करून भुयारात उतरायचं. तलवारवाला मी झालो. जखमा बऱ्या करणारी माझी बायको, सुनंदा. आबांना जादूगार केलं. आगीचे गोळे फेकणारा, टोळीतला सगळ्यात जबरदस्त गडी, पण अंगानं पापड! म्हणून त्याला सगळ्यात मागे उभा केला. कुलपं उघडायला एक चोर लागतो, तिथे पितांबरचं नाव टाकलं.

"मी चोर? दाजी, धुळ्यात तीस पोरं माझ्याकडे शिकतात!"

"चोर नाही रे, कुलूपतज्ज्ञ!"

त्याची समजूत पटली. तेवढ्यात आबा खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावरच्या जादूगाराकडे बोट केलं.

"हाऊ दाढीवाला कोन शे?"

"तुम्हीच, आबा!"

"मंग मी बठ्ठासना मांगे कसा? लगीनना वरातमा मी मांगे चालस का?"

मी समजावलं की पुढच्याला मार बसतो. आबा म्हणाले, मार खायला ते घाबरत नाहीत. सुनंदानं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं आबांना पुढे केलं. पहिल्याच दारात एका उंदरानं आबांना आडवं पाडलं!

पुन्हा सुरू केलं. पुन्हा उंदीर!

त्यात सुनंदा शेजारी बसून आपली खेळी स्वतः सांगायला लागली. "आधी आबांना बरं करा."

"अगं, आबांना खरचटलंसुद्धा नाही! इथे माझा जीव चाललाय!"

"मग पितांबरला."

"त्याला काय झालंय?"

"दमलेला दिसतोय."

रविवारी दुपारी तीनपर्यंत आम्ही अकरा वेळा मेलो. ड्रॅगनपर्यंत पोचायचो, पण आबा तोवर शिल्लक नसायचे. एक तास उरला. मग मी असं काही केलं, जे जावयानं करू नये.

"आबा," मी म्हणालो, "नावं बदलली. आता पुढचा मिशीवाला, तलवारवाला तुम्ही. मागचा दाढीवाला मी!"

"आते बरं दिसस!" आबा खूश. पडद्यावरची नावं होती तीच होती, पण इंग्रजीत, आबांना वाचता येत नव्हती. पितांबरला येत होती. पण सहा महिन्यांचा ड्रॅगन मरतोय म्हटल्यावर तो गप्प बसला.

आणि काय सांगू! धडाधड दारं उघडली. पावणेचारला ड्रॅगन समोर! त्यानं पहिल्या फुंकरीतच तलवारवाल्याचा, म्हणजे माझा, कोळसा केला. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी मरी ग्या," ते हळूच म्हणाले.

मागच्या दाढीवाल्यानं आगीचा गोळा फेकला. एक. दोन. तिसऱ्याला ड्रॅगन धाडकन कोसळला!

आबा उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी! "शाबास, जावाईबापू! मी ग्या, पन तुम्ही मांगे रहीसन इज्जत ठेवी!"

आठ वर्षांनी शाबासकी मिळाली, मंडळी! नेमकं तेव्हा पडद्यावर विजयाचं पान आलं. मी बटण बंद करायला झेपावलो, पण पितांबरनं आनंदाच्या भरात मोठ्यानं वाचलंच, "अरे, हे बघा! ड्रॅगन मारला झुलालनं!"

आबा थांबले. पितांबरकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे मी मारा?"

"हो, आबा! तुम्हीच!"

"आनि मरना कोन?"

"मी."

त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच काळवंडला. "म्हंजे इतला टाईम तुम्ही माले मांगेच ठेवं?"

टेम्पो आला. माझ्याकडे पाठ करून आबा ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. पितांबर त्यांना पाचोऱ्याला सोडून धुळ्याला गेला.

आबांचा राग मात्र तिकडेच निवळला. पुढच्या महिन्यात आम्ही पाचोऱ्याला गेलो, तेव्हा कळलं की जावई पहिल्याच फुंकरीत गेला आणि म्हाताऱ्यानं एकट्यानं ड्रॅगन मारला, हे आबांनी गावभर सांगितलंय. गेम वगैरे भाग सांगायचा बहुतेक राहून गेला असावा. कारण बाजारात भेटेल तो माणूस माझा हात हातात घेऊन विचारतोय, "आते तब्बेत कशी शे?"

मी सगळ्यांना सांगतो, बरी आहे.