नाही न म्हणण्याची तयारी

नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवाराजवळ एक पदवी, एक इस्त्रीचा शर्ट आणि किमान एक दोष असणं आवश्यक असतं. पहिल्या दोन गोष्टी फटकळकडे होत्या. दोषाचंच अडत होतं.

फटकळ हे त्याचं घरातलं नाव. नको तिथे तो सरळ 'नाही' म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. खरं तर तो पेशाने स्टोअरकीपर होता, आणि गोदाम सांभाळणाऱ्याला हे यावंच लागतं. चिठ्ठी नाही तर माल नाही, मग मागणारा साहेब असो की साहेबांचा मेव्हणा. पण मुलाखतीत हे सांगितलं की समोरची मंडळी एकमेकांकडे बघत आणि 'कळवतो' म्हणत. कळवत कोणीच नसे. इकडे वडिलांची निवृत्ती तोंडावर आलेली, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. ही गंमत फार दिवस परवडणारी नव्हती.

शेवटी आत्याने त्याला मुलाखतीची शास्त्रशुद्ध तयारी करून घेणाऱ्या एका क्लासात नेऊन बसवलं. क्लासच्या सरांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?"

"मला खोटं खपत नाही."

सरांनी डोळे मिटून घेतले. "हा दोष नाही, ही धमकी आहे. पूर्वी आम्ही सरसकट सगळ्यांना 'मी स्वतःला कामात फार वाहून घेतो' हा दोष द्यायचो. त्याचं इतकं पीक आलं, की मुलाखत घेणारे आता जांभया देतात. म्हणून यंदापासून प्रत्येकाला स्वतंत्र दोष. दिलेला दोष बदलून मिळणार नाही आणि दुसऱ्याला वापरायला देता येणार नाही. तुमचा लिहून घ्या. 'मला कोणालाही नाही म्हणता येत नाही.'"

"सर, पण मी तर अगदी उलटा आहे."

"म्हणूनच तर. अंगात असलेला दोष दाखवायला क्लास कशाला लागतो?"

दोष नुसता पाठ करून चालत नाही, तो चेहऱ्यावर दिसावा लागतो, असं सरांचं म्हणणं होतं. त्यासाठी मुलाखतीपर्यंत घरीदारी 'नाही' हा शब्द पूर्ण बंद ठेवायचा होता. ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. आत्याने सकाळी कपाट या खोलीतून त्या खोलीत हलवून घेतलं आणि संध्याकाळी मन बदललं म्हणून परत जागेवर आणवलं. वरच्या मजल्यावरचे शेजारी कुत्रा त्याच्याकडे सोडून गावाला गेले, 'तेवढाच तुझा सराव' म्हणाले. काकांनी आपल्या कविता वाचून दाखवल्या. सगळ्या.

फटकळला कसंतरीच व्हायचं. तोंडातून 'हो' निघालं की आपल्याच चपला कोणीतरी घालून गेल्यासारखं वाटायचं. वडील एकदा न राहवून म्हणाले, "अरे, तू तोंडावर बोलायचास तेव्हा राग यायचा. आता काळजी वाटते."

"नोकरी लागेपर्यंतच आहे, बाबा."

"सगळं तेवढ्यापुरतंच असतं रे," वडील म्हणाले आणि उठून गेले.

मुलाखत पंखे बनवणाऱ्या कंपनीत होती. टेबलापलीकडे मोठे साहेब, हिशेब विभागाच्या बाई आणि विक्रीचे साहेब असे तिघे बसले होते. दोषाचा प्रश्न येताच फटकळने मान किंचित खाली घातली आणि शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "मला कोणालाही नाही म्हणता येत नाही."

तिघेही खुर्चीत सरसावून बसले.

"समजा," मोठे साहेब म्हणाले, "चिठ्ठी नसताना एखाद्या वरिष्ठाने पंखा मागितला तर?"

"देईन, सर."

"रेग्युलेटरसकट?" बाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

'कळवतो' हा शब्द त्या दिवशी कोणी उच्चारला नाही. नेमणुकीचं पत्र त्याला तिथल्या तिथे मिळालं, आणि वडिलांनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

पहिल्या आठवड्यात मोठ्या साहेबांच्या घरी पंखे गेले. मग त्यांच्या मेव्हण्याकडे, मग मेव्हण्याने नुकत्याच काढलेल्या मंगल कार्यालयात. हिशेबाच्या बाईंनी माहेर आणि सासर यांत भेदभाव केला नाही. विक्रीच्या साहेबांनी तर स्वतःचं दुकानच टाकलं. फटकळने प्रत्येक वेळी चिठ्ठीचा विषय काढायला तोंड उघडलं आणि त्यातून 'हो' बाहेर पडलं. महिना सरत आला तेव्हा गोदामात पंखा असा एकच उरला. तो छताला होता आणि बंद होता.

मग तपासणी लागली. मोठ्या साहेबांनी फटकळला केबिनमध्ये बोलावलं. बाई आणि विक्रीचे साहेब आधीच येऊन बसले होते. टेबलावर एक कागद टाईप करून तयार होता. सर्व पंखे स्टोअरकीपरच्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाले, असा त्यातला मजकूर.

"तेवढी सही करून टाका," मोठे साहेब मायेने म्हणाले. "तुम्ही काही नाही म्हणणार नाही."

फटकळने कागद वाचला. त्याला भीती वाटली, वडील आठवले, आणि मग आतून अशी सणक आली की क्लास, सर, सराव सगळं एका झटक्यात धुऊन गेलं.

"नाही," तो म्हणाला. "पंखे तुम्ही तिघांनी नेलेत. मी तपासणीवाल्यांना तेच सांगणार."

मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फसवल्या गेलेल्या सज्जनाचं दुःख होतं.

"म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येतं?"

"येतं."

"मुलाखतीत तर येत नाही म्हणालात. आम्ही विश्वास ठेवला." साहेब बाईंकडे वळले. "घ्या लिहून. खोटी माहिती देऊन नोकरी मिळवली."

फटकळला त्याच दिवशी कमी करण्यात आलं. तपासणीवाल्यांना त्याने सगळं सांगितलं, पण फसवणुकीवरून काढलेल्या माणसाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. तपासणीला आलेल्या दिवसांत ते मोठ्या साहेबांच्या घरी उतरले होते. हवा चांगली येत होती म्हणे.

घरी आल्यावर त्याने वडिलांना सगळं सांगितलं. नोकरी गेल्याचं वाईट त्यांना वाटलंच, ते त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, "हात धुऊन ये. आधी जेवू."

ही हकिकत वाचून कोणाला चीड आली असेल आणि कंपनीला एक खरमरीत पत्र लिहावंसं वाटत असेल, तर जरूर लिहावं. फक्त हातातलं पेन कुठल्या ऑफिसातून घरी आलंय, ते आधी बघून घ्यावं.