अबोलीच्या तीन छान गोष्टी

वॉर्डातल्या सगळ्या वह्या टेबलावर जमा झाल्या होत्या आणि अबोलीचं पान आजही कोरं होतं. इनचार्ज सिस्टरनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक, दोन, तीन असे आकडे होते, तारीख होती, खाली सही होती. मधे काही नाही.

या वह्या दोन-तीन दिवसांपूर्वीच सुरू झाल्या होत्या. नर्स फार खचतात, नोकरी सोडून जातात, हे वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं. नर्स वाढवाव्यात हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्याऐवजी एक प्रसन्न चेहऱ्याचे सर आले. म्हणाले, "आपलं मन वाईट तेवढं धरून ठेवतं. म्हणून ड्यूटी संपताना आज घडलेल्या तीन छान गोष्टी लिहायच्या. हळूहळू मन चिवट होतं."

"चिवट नसतो तर इथे टिकलो असतो का, सर?" मागून कुणीतरी विचारलं. सरही हसले.

सरांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. वही ज्याची त्याने लिहायची, दुसऱ्याने तपासायची नाही, जबरदस्ती तर मुळीच करायची नाही. पण नेमक्या तेव्हा इनचार्ज सिस्टर वॉर्डाचा फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वह्या तपासायला घेतल्या.

इनचार्ज सिस्टरची एकतीस वर्षं तक्ते तपासण्यात गेली होती. रकाना कोरा राहिला म्हणजे काम झालंच नाही, हे त्यांच्या हाडामांसात भिनलं होतं. थर्मामीटर लावल्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाचा ताप लिहिला नसता. पण आनंद मोजायला थर्मामीटर नव्हतं, आणि तिथेच त्यांचा पाय घसरला. त्यांनी पेन उघडलं आणि अबोलीच्या पानावर लिहिलं: 'एका पेशंटने हसून आभार मानले. औषधं वेळेवर आली. लिफ्ट चालू होती.'

अबोली हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. दोन वर्षांत ती कामापुरतंच बोलली, म्हणून सगळ्यांनी ते पाडलं होतं. तिचा हात इतका हलका की सुई टोचली तरी पेशंट आपल्या गप्पा चालू ठेवत. चांगली मुलगी आहे, लिहायला लाजत असेल, अशी इनचार्ज सिस्टरनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पान कोरं. तिसऱ्या दिवशीही कोरं. रोज नवीन तीन गोष्टी आणायच्या कुठून? इनचार्ज सिस्टर घरी जेवताना नवऱ्याला विचारू लागल्या, "आज काय छान झालं हो तुमचं?"

"काही नाही. आमटीत मीठ बेताचं होतं."

दुसऱ्या दिवशी अबोलीच्या वहीत जेवणात मीठ बेताचं होतं. नवऱ्याची गुडघेदुखी थांबली, तर अबोलीची पाठदुखी थांबली. पुढेपुढे इनचार्ज सिस्टरना त्याची गोडीच लागली. एका पानावर तर खिडकीत बसलेल्या कबुतराचं त्यांनी इतकं गोड वर्णन केलं की स्वतःच दोनदा वाचलं.

महिनाअखेरीला सगळ्या वह्या मेट्रनबाईंकडे गेल्या. बाकीच्या नर्सनी 'चहा मिळाला', 'बसायला मिळालं', 'घरी निघाले' असं सरळसोट लिहिलं होतं. मेट्रनबाईंनी भर सभेत कबुतर वाचून दाखवलं.

"इतक्या धावपळीत जिचं लक्ष कबुतराकडे जातं, ती मुलगी आतून केवढी भक्कम असेल!" त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. अबोली खाली मान घालून बसली होती.

चारच दिवसांत ऑर्डर आली. भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डातून दोघी सोडून गेल्या होत्या. तिथे पाठवायला सगळ्यात भक्कम मनाची नर्स हवी होती. ऑर्डरवरचं अबोलीचं नाव इनचार्ज सिस्टरनी दोनदा वाचलं. त्या वॉर्डात भलेभले महिन्याभरात हात टेकत. ही पोर तिथे मोडून पडेल, आणि पाडणार आपणच. त्या तडक मेट्रनबाईंच्या खोलीत गेल्या.

"ती फार नाजूक आहे हो, बाई."

"नाजूक? अहो, हे बघा." मेट्रनबाईंनी वही उघडली. "'आज पाठ अजिबात दुखली नाही.' आणि हे, 'गर्दी होती, पण मन प्रसन्न होतं.'"

"ते खरं नाही."

"असं ती म्हणते? विनय आहे तिचा."

"विनय कसला! ते मी लिहिलंय."

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग वही पाहिली. मग पुन्हा इनचार्ज सिस्टरकडे.

"कबुतर पण?"

"कबुतर पण."

मेट्रनबाईंनी वही मिटली. हळू आवाजात म्हणाल्या, "या वह्यांचा अहवाल वर गेलाय. आता हे लेखी द्यावं लागेल तुम्हाला. खोटी नोंद केली म्हणून. निवृत्तीला वर्ष राहिलंय तुमचं."

इनचार्ज सिस्टरनी तिथेच कागद मागून घेतला आणि लिहून दिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही शेरा नव्हता. सही केली आणि बदली रद्द झाली.

दुपारची पाळी बदलत होती. कपडे बदलायच्या खोलीत अबोली बाकावर बसून बुटाचे बंद सोडत होती. इनचार्ज सिस्टर धापा टाकत आत आल्या.

"अगं, काळजी करू नकोस. तुझी बदली रद्द करून आणली!"

अबोलीचा हात थांबला. "का?"

"का म्हणजे? तुला तिथे जायचंय?"

"मला विचारलं तेव्हा मी हो म्हणाले होते, सिस्टर."

"अगं वेडे, तिथल्या इनचार्जबद्दल ऐकलंयस ना? किती ओरडते ती!"

"ओरडतात. पण तोंडाकडे बघून ओरडतात. मग काय झालं म्हणून विचारतात." अबोलीने बूट बाजूला ठेवला. "माझ्या वहीतलं मी रोज वाचायचे. तुमचं अक्षर ओळखता येतं मला."

इनचार्ज सिस्टर मटकन शेजारी बसल्या. "मग बोलायचं नाही का?"

"कोरं ठेवत होते ना."

मग इनचार्ज सिस्टरनी, महिनाभर उशिरा का होईना, विचारलं, "काय झालं होतं गं?"

अबोलीने घड्याळाकडे पाहिलं. तिची बस सहा मिनिटांत होती. मग ती बोलायला लागली. सात नंबरच्या आजोबांनी तिला हाक मारली होती. वॉर्डात तीस पेशंट आणि ती एकटी. अकरा नंबरचं सलाइन बदलत तिने 'आले हं, आजोबा' म्हणून उत्तर दिलं. ती पोचली तेव्हा आजोबा गेले होते. त्यांना काय हवं होतं ते कळलंच नाही.

"वह्यांचा पहिलाच आठवडा होता तो. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तुम्ही लिहिलं होतं, 'आज वॉर्डात शांतता होती.'"

इनचार्ज सिस्टरना ती ओळ आठवत होती. काही सुचलं नाही म्हणून घाईघाईत लिहिलेली ओळ. त्यांचे डोळे भरून आले. आपण या मुलीचा महिनाभराचा हुंदका आपल्या हाताने पुसून टाकला, आणि तोही वळणदार अक्षरात, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं. आता रोज विचारीन मी तुला. शपथ."

"विचाराल, माहितीये." अबोलीने त्यांचा हात क्षणभर हातात घेतला. तिचा हात खरंच हलका होता. "पण ती ऑर्डर परत काढायला सांगाल का, सिस्टर?"

बस केव्हाच गेली होती. इनचार्ज सिस्टर उठल्या, पदराने चष्मा पुसला आणि दुसरा अर्ज लिहायला मेट्रनबाईंच्या खोलीकडे निघाल्या.