संवेदनशील कक्षातली दाढ

"कुठं दुखतंय, दाखव." लहानपणी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा हा आवाज अजून कानात आहे. चौकशी तेवढीच. दाखवलं की ते तिथंच बोट दाबायचे, आपण कळवळायचो आणि उपचार सुरू. रोग्याच्या मनाचा, भूतकाळाचा, एकंदर अस्तित्वाचा काही विचार म्हणून नाही. दुखणं एकट्याचं असलं तरी उपचार ही सामूहिक जबाबदारी असते, हे सत्य तेव्हा कुणाला उमगलंच नव्हतं.

त्या रानटी काळातून आपण किती पुढे आलो, हे पाहायचं तर मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर जावं. तिथं 'मानवी तस्करीतून मुक्त झालेल्या भगिनींसाठी सर्वांगीण संवेदनशील आरोग्य कक्ष' आहे. पाटी लांब झाल्यामुळे कोपऱ्यावरून वळवून लावावी लागली. जिन्यातून 'भगिनींसाठी'पर्यंत दिसते, आरोग्य वळणापलीकडे आहे.

कक्षात काय नाही? पिस्ता रंगाच्या भिंती आहेत (रंग शांत आहे, तो निवडतानाची भांडणं तितकीशी नव्हती). गुबगुबीत उशा आहेत. हाताशी कागदी रुमालांचा डबा आहे. ऐकताना मान किती कलवायची, याचं कर्मचाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण मिळालं आहे. एका परिचारिकेची मान त्यात कायमची कलली. तिचा सत्कार झाला. गेल्या वर्षी शंभर टक्के भगिनींचं मनापासून ऐकून घेण्यात आलं, काहींचं तर तीनतीनदा. बऱ्या किती झाल्या, हे विचारणं असंवेदनशील असल्यामुळे विचारलेलं नाही.

अशा या कक्षात शिवणवाली आली. निवारागृहातल्या बायकांनी तिला हे नाव दिलं होतं, कारण शिवणाच्या मशीनवर बसली की ती कुणाच्या हाकेला ओ देत नसे. तिचा उजवा गाल कक्षातल्या उशीसारखा फुगला होता.

"दाढ दुखतेय," ती म्हणाली.

समुपदेशक ताईंनी मान विहित कोनात कलवली. "दाढ म्हणजे नक्की काय गं, तुझ्यासाठी?"

"दाढ म्हणजे दाढ, ताई."

"घाई नाही हं. तयार होशील तेव्हा सांग."

"तयारच आहे. काढून टाका."

"काढून टाकावंसं वाटतंय," ताई हळूच म्हणाल्या, आणि त्यांचेच डोळे भरून आले. रुमालांचा डबा शिवणवालीनं पुढे सरकवला.

कक्षप्रमुख साहेबांनी मला समजावून सांगितलं. "दाढ हे निमित्त आहे हो. आत बरंच काही साचलंय." (आत पू साचला होता, पण पू तळमजल्याच्या अखत्यारीत येतो.)

तिला जिथून सोडवून आणलं, तिथं दुखतंय म्हणायची सोय नव्हती. इथं ती सोय आहे. काय दुखतंय, हे तेवढं कक्ष ठरवतो.

मग तिला खोल श्वास घ्यायला लावले. थंड वारा दाढेत गेला. ती जी किंचाळली, त्याची 'भावना मोकळ्या झाल्या' अशी नोंद झाली. मग रंग देऊन चित्र काढायला बसवलं. तिनं दाढ काढली. (दाढ काढण्यात कक्षाला आलेलं हे पहिलंच यश.) निवारागृहात परतल्यावर शिवता शिवता बायकांनी तिच्यावर गाणं रचलं:

दाढ दुखते बाई, पुसती माझं मन
मन म्हणे दाढे, तूच आता कण्ह

इस्पितळात दंतवैद्य नव्हता असं नाही. तळमजल्यावर होता. पण संवेदनशीलतेच्या प्रशिक्षणात मौन पाळायला सांगितलं तेव्हा तो घोरला होता, सबब त्याला भगिनींच्या आसपास फिरकायची मनाई होती.

पुढच्या खेपेला 'पाणी पिऊन येते' म्हणून शिवणवाली कक्षातून निघाली ती थेट तळमजल्याच्या रांगेत. या रांगेत कुणीही उभं राहू शकतं, ही यंत्रणेतली गंभीर त्रुटी आहे.

खुर्चीत बसल्यावर मात्र तिचे दात घट्ट मिटले. अनोळखी पुरुषाचा हात तोंडाजवळ आला होता. दंतवैद्यानं हात मागे घेतला.

"हात वर केलात की मी थांबणार," तो म्हणाला. "आता आ करा."

तिनं आ केला आणि लगेच हात वर केला. तो थांबला. पुन्हा केला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा दुखत नसताना, नुसतं बघायला म्हणून केला. तरी थांबला. रांग कुरकुरली. "आत काय आरती चाललीय का?" कुणीतरी म्हणालं.

दाढ निघाली तोवर वर बोभाटा झाला होता. ताई, साहेब, परिचारिका, सगळा कक्ष धावत खाली येऊन दारात उभा राहिला. खुर्चीत शिवणवाली कापसाचा बोळा चावत होती. तो तिनं गालात सरकवला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "एक गोष्ट आहे. अजून कुणाला सांगितली नाही."

दारात श्वास रोखले गेले. ताईंनी रुमाल काढला. साहेब चवड्यांवर उभे राहिले. (वाचकहो, तुम्हीही आत्ता जरा पुढे सरकलात. लाजू नका, मान अगदी छान कलली आहे.)

"डावीकडची पण दुखते," ती म्हणाली. "म्हटलं, आधी हिचं काय करताय ते बघू."